सुरक्षित देश

रतिलालनानांची केळी आडवी झाली, त्या आठवड्यात वाल्मीकला काम शोधत फिरावं लागलं नाही. वादळ दुपारी उठलं होतं. आधी धुळीनं आभाळ पिवळं झालं, मग वारा सुटला आणि चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात पहूरजवळच्या शिवारातली निसवलेली, घड धरलेली बाग जमिनीवर निजली. घड अजून भरायचे होते. कोवळी केळी उन्हात पडून काळी पडायला लागली होती आणि कच्ची केळी घेणारा जळगावचा वेफरवाला येईन-येईन म्हणून अजून आला नव्हता.

"आधी ठिबकच्या नळ्या काढा," नाना बांधावरून म्हणाले. "खोडाखाली दबल्या असतील. ओढू नका, फाटतील." त्यांचा आवाज बसला होता. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी खांद्यावर टाकला होता आणि पुन्हा बांधायचं त्यांना सुचत नव्हतं.

वाल्मीक, त्याची बायको मंदाबाई आणि बौद्धवाड्यातले आणखी काही जण सकाळपासून वाकलेले होते. विळ्यानं खोड तोडायचं, दोघांनी उचलायचं, बांधावर नेऊन टाकायचं. खोडात पाणीच पाणी. उचललं की ते मानेवरून पाठीवर उतरायचं. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, तो जन्मात निघत नाही. वाल्मीकचे सगळेच सदरे असे डागाळलेले होते. पंचावन्नच्या पुढचा माणूस. कंबर दुपारपर्यंत साथ द्यायची, मग नुसती लाकडासारखी व्हायची.

नानांचा मुलगा जितेंद्रही आज मजुरांबरोबर खोडं ओढत होता. लग्न झाल्यापासून तो जरा शांत झाला होता. मागच्या वर्षी मुलगी झाली, तेव्हा त्याची बायको डिंपल हिनं वाड्यात पेढेही पाठवले होते.

भाकरीच्या सुट्टीला संघमित्रा आली. वाल्मीकची धाकटी लेक, पहूरच्या मेडिकल दुकानात कामाला. ती या वेळी शेतात कधी येत नसे. तिला येताना पाहून मंदाबाईनं हातातला घास खाली ठेवला.

"काय व्हयनं?"

"काही नाही माय. दादाचा फोन होता." संघमित्रा आईबापांना बांधाच्या पलीकडे घेऊन गेली आणि हळू बोलायला लागली.

युवराज, वाल्मीकचा थोरला, चार वर्षांमागं सुरतला साड्यांच्या पॅकिंगच्या कामाला गेला होता. मंदाबाईचा पारोळ्याचा भाऊ छगन तिथं होता. दोन दिवाळ्या युवराज येऊन-जाऊन होता. मग एकदा म्हणाला, दुबईचं काम मिळतंय. घरच्यांनी हो म्हटलं. त्यानंतर कितीतरी महिने फोन नाही. मग एका संध्याकाळी वेगळ्याच नंबरावरून आला. "माय, मी उतरलो," एवढंच तो म्हणाला. कशातून उतरला, ते मंदाबाईला कळेना. नंतर हळूहळू कळलं: एजंटानं विमानानं कुठंतरी नेलं, तिथून ट्रकमध्ये घालून फ्रान्सला, आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रबरी होडीत बसवून इंग्लंडला. गावात मात्र त्यांनी दुबईच सांगितलेलं होतं.

"तिथल्या सरकारनं ठरवलंय, होडीनं आलेल्या माणसाला ठेवायचं नाही," संघमित्रा म्हणाली. "आणि आपला देश त्यांच्या सुरक्षित देशांत धरलेला आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे इथून गेलेल्या माणसाला इथं कोणी त्रास देत नाही, असं ते आधीच धरून चालतात. मग त्याला आसरा कशाला द्यायचा? दादाला इथं धोका होता, हे घरच्या कोणीतरी सांगायला पाहिजे. त्याला सरकारी वकीलबाई मिळाली आहे. ती शुक्रवारी दुपारी तुमच्याशी बोलणार आहे आबा. मोबाइलवर. तोंड दिसेल असं."

"धोका कोनापासून सांगू?"

संघमित्रानं बांधापलीकडे पाहिलं. जितेंद्र ट्रॉलीत उभा राहून खोडं रचत होता.

*

चार वर्षांमागं चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तसं मोठं काही झालं नव्हतं, असं गाव म्हणायचं. रतिलालनानांच्या दारासमोर विजेची तार खाली आली होती, म्हणून ट्रॅक्टर थांबला. वाजप चालू राहिलं. जितेंद्र आणि त्याचे दोन मित्र बाहेर आले, पुढं व्हा म्हणाले. युवराज म्हणाला, तार उचलू द्या, मग होतो. शब्दाला शब्द लागला. त्याला गोठ्यामागं नेलं आणि तिथं कोणीतरी बुटानं त्याचा हात दाबला. डाव्या हाताची दोन बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलाच्या ओट्यावर बैठक झाली, पोरापोरांचं भांडण म्हणून मिटलं. स्वतः नानांनी युवराजला गाडीत घालून जळगावला प्लास्टर करून आणलं. पोलीस ठाण्यात कोणी गेलं नाही. प्लास्टर निघालं आणि युवराज सुरतला गेला. तो का गेला, हे वाल्मीकनं त्याला कधी विचारलं नाही. पोरं सुरतला जातातच.

त्या संध्याकाळी मंदाबाई चुलीपुढं बसून बोलत होती. पंचवीस वर्षं या गावात काढूनही तिची बोली पारोळ्याचीच राहिली होती.

"सांगी द्या ना. बोट मोडं ना त्यासनी? ते काय खोटं शे?"

"बोट मोडलं ते खरं हे. पन त्यायले ते पुरत नही. परत आला तं जिवानिशी मारतील, असं सांगा लागते."

"मंग सांगा."

"ते खरं नही मंदा."

"तुमले काय माहीत?"

"चार वर्सं झाली, त्याच्याच वावरात जातो मी."

मंदाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमी मान खाले घालीसन जातस. म्हनीसन तुमले कोनी काही करत नही. मना पोर्‍यानी घाली नही."

वाल्मीकनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "पौर्निमेले विहारात बसून आपुन काय म्हनतो? खोटं बोलनार नही म्हनतो ना?"

"पंचशील मना पोर्‍यापेक्षा मोठं शे का?"

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली युवराजचा बारावीचा. फोटोतल्या युवराजची बोटं सरळ होती. वाल्मीक आडवा झाला, पण कंबर कुठल्याच कुशीला ऐकेना.

*

गुरुवारी तलाठी पंचनाम्याला आला. तरुण पोरगा, जळगावचा. मोटरसायकल सावलीत लावून तो बागेच्या कडेनं चालला, मोबाइलवर फोटो काढले, नानांना बागेत उभं करून एक फोटो काढला.

"नाना, नुकसान मी लिहून देतो," तो म्हणाला. "पण विम्याचं मला विचारू नका. हवामानाच्या यंत्रावर वाऱ्याचा वेग कमी दाखवलाय. त्यांच्या लेखी इथं वादळ झालेलंच नाही."

"मंग हे काय मी पाडलं?" नाना म्हणाले. चिडून नाही, विचारल्यासारखे.

"यंत्र कुठं बसवलंय, ते माझ्या हातात नाही ना."

तलाठी गेल्यावर नाना एका पडलेल्या खोडावर बसले. इतकी वर्षं वाल्मीकनं त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. नळ्यांचं वेटोळं करता करता वाल्मीकला वाटलं, जवळ जाऊन काहीतरी बोलावं. पण त्यांच्याजवळ खोडावर बसायची सवय नव्हती.

उन्हानं कानशिलं ठणकत होती. जितेंद्र पाण्याचा जार घेऊन आला. "आबा, पानी घ्या."

वाल्मीकनं विळा काखेत धरला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. जितेंद्रनं वरून धार धरली. वाल्मीक पाणी प्यायला, ओला हात तोंडावरून फिरवला, तेव्हा त्याला दिसलं की जितेंद्रच्या दुसऱ्या हातात पेला होता. त्यालाही पेल्याची आठवण झाली नव्हती.

"युवराज काय म्हनतो?" जितेंद्रनं विचारलं. "दुबईलेच हे ना?"

"हो."

"बरं झालं गेला. अठी काय हे आता? पाहा ना."

वाल्मीकनं मान हलवली आणि पुन्हा वाकला. एवढं सहज खोटं आपण बोललो, हे त्याला पुढचं खोड उचलताना जाणवलं.

*

शुक्रवारी दुपारी तो सुट्टी घेऊन पहूरला गेला. नानांना सांगितलं, दवाखान्यात जायचंय. मेडिकलच्या मालकानं मागची खोली दिली होती. सलाईनच्या खोक्यांवर संघमित्रानं मोबाइल उभा केला. वाल्मीक धुतलेला सदरा घालून स्टुलावर बसला, मंदाबाई शेजारी खोक्यावर. पंखा होता, पण तो मोबाइलवरचा आवाज खायचा म्हणून बंद केला.

पडद्यावर दोन चौकटी आल्या. एकीत गोरी वकीलबाई. उन्हाळा असून तिनं गळ्याभोवती लोकरीचं काही गुंडाळलेलं होतं. दुसरीत दुभाषी. तिनं आपलं नाव हेमांगी सांगितलं आणि म्हणाली, "नमस्कार. मी फक्त भाषांतर करणार आहे. आपण जे बोलाल, तेवढंच मी सांगेन." शाळेतल्या बाईंसारखं तिचं मराठी होतं.

वकीलबाई विचारायची, हेमांगी सांगायची, वाल्मीक उत्तर द्यायचा. नाव, गाव, काम. मग मिरवणूक. तार, ट्रॅक्टर, गोठा. हे सगळं सांगताना तो अडखळला नाही. चार वर्षांत हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, तरी ते सगळं जागच्या जागी होतं.

"ज्यांनी मारलं, त्यांच्यापैकी कोणाचं नाव आपल्याला माहीत आहे का?"

वाल्मीकनं मंदाबाईकडे पाहिलं. मग मोबाइलकडे. "जितेंद्र रतिलाल," तो म्हणाला. खोलीचं दार बंद होतं, तरी आवाज आपोआप खाली गेला. हेमांगी म्हणाली, "पुन्हा सांगाल का, ऐकू आलं नाही." त्यानं पुन्हा सांगितलं.

"पोलिसांत तक्रार का केली नाही?"

"त्याच्याच वावरात काम करतो बाई."

मंदाबाईला राहवलं नाही. ती मोबाइलकडे सरकली. "ताई, मना पोर्‍या बठ्ठा दिन हात पोटशी धरीसन बसे. जेवे नही. कोनी हाक मारी तं दचके. रस्तावर जाये नही. हाई बी सांगा त्यासले."

हेमांगीच्या कपाळावर आठी आली. "माफ करा, त्या काय म्हणाल्या?"

संघमित्रानं पुढं होऊन सांगायला सुरुवात केली, तोच वकीलबाईनं हात वर केला. दोघी आपसात बोलल्या. "मुलीनं सांगू नये," हेमांगी म्हणाली. "साक्ष वडिलांची आहे. दुसऱ्या कोणी सांगितलं, तर ती धरली जाणार नाही. माफ करा." मंदाबाई मागं सरकली आणि पदर तोंडाला लावून बसली. तिचं बोलणं राहूनच गेलं.

मग तो प्रश्न आला. "युवराज गावात परत आला, तर त्याच्या जिवाला धोका आहे का? आपल्याला काय वाटतं?"

खोलीत औषधांचा वास होता. घाम पाठीवरून कमरेत उतरत होता. बाहेर दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. वाल्मीकला पडलेल्या खोडावर बसलेले नाना दिसले. मग युवराज दिसला, हात पोटाशी धरून बसलेला. आता बायकोनं सांगितलं म्हणून दिसला. एरवी तो ते विसरूनच गेला होता.

"जिवानिशी नही मारनार," तो म्हणाला.

शेजारी मंदाबाईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मग तो परत आला, तर कसा राहील?"

"मी राहतो तसा राहील."

"म्हणजे आपण सुरक्षित आहात, असं म्हणायचंय का?"

वाल्मीकनं मांडीवरचे हात उलटे करून पाहिले. "बाई, हात त्यायनीच मोडला, दवाखान्यातबी त्यायनीच नेलं. दवाखान्यात नसतं नेलं तं आमी काय केलं असतं? काहीच नही. मुकाट बसलो असतो. आता याले तुमच्या भाषेत काय म्हनतात, ते तुमी सांगा त्यायले."

हेमांगीनं ते इंग्रजीत सांगितलं. वाल्मीकला ते फार थोडं वाटलं. वकीलबाईनं लिहून घेतलं, धन्यवाद म्हणाली आणि चौकटी गेल्या.

मंदाबाई उठली, चपला पायात सरकवल्या आणि कोणाकडं न बघता रिक्षा स्टँडकडे चालायला लागली. काळीपिवळी जीपमध्ये ती पुढच्या सीटवर बायकांमध्ये जाऊन बसली. वाल्मीक मागं बसला. गावापर्यंत त्याला तिच्या डोक्यावरचा पदर दिसत राहिला.

*

त्या दिवसापासून मंदाबाई त्याच्याशी बोलली नाही. भांडली नाही, रडली नाही. भाकरी वाढायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. काही सांगायचं असलं, तर लेकीला सांगायची, "त्यासले सांग, दळन आनायचं शे." शेतात तो खोडाचं एक टोक धरायचा, ती दुसऱ्या कोणाबरोबर जोडी लावायची. लोकांनी पाहिलं, कोणी विचारलं नाही.

बाग मोकळी झाली. वेफरवाला शेवटपर्यंत आला नाही. घड बांधावर सडले आणि दोन गल्ल्यांवर वास येत राहिला. रोटाव्हेटर फिरला. पावसाळा लागला, कपाशीला निंदणी आली, वाल्मीक त्यात राबला. आपण दोन शब्द जास्त बोललो असतो तर, हा विचार निंदताना डोक्यात चालू असायचा. खुरपं तण सोडून कपाशीवर पडायचं.

पोळा झाल्यावर संघमित्राचा मोबाइल वाजला. युवराजला ठेवणार नाहीत. पुष्कळ लोकांना विमानात बसवून मुंबईला पाठवतायत, त्यात तो आहे.

जळगावच्या स्टेशनवर तिघं गेले. दुपारची गाडी उशिरा आली. युवराज उतरला, तेव्हा वाल्मीकनं त्याला आधी ओळखलं नाही. अंगात थंडीतलं जाड जाकीट होतं, उकाड्यात त्याची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, आणि हातात पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत टूथब्रश, एक पँट, चार्जर. आत काय आहे, ते सगळ्या फलाटाला दिसत होतं. मंदाबाईनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. वाल्मीकनं पिशवी घेतली आणि काखेत अशी धरली, की कोणाला आतलं दिसू नये.

घरी आल्यावर युवराज दोन दिवस झोपला. मग एका संध्याकाळी जेवताना आपण होऊन बोलायला लागला.

"होडी म्हंजे काय, नुसती हवा भरलेली. मी तं तापीवरबी कधी बसलो नव्हतो. माणसं इतकी, की पाय लांब करता येईना. मधी इंजन बंद पडलं. टाकीतलं पेट्रोल खाली गळलं, त्यात खारं पानी आलं. आमी त्यातच बसलेलो." त्यानं पँट गुडघ्यावर ओढली. मांडीच्या आतल्या बाजूची कातडी भाजल्यासारखी होती, गुलाबी आणि गुळगुळीत. "एक बाई लेकरू डोक्याच्या वर धरून होती. तिचे हात दुखले, की शेजारच्यानं धरायचं. मीबी धरलं. कुठल्या देशाची होती, काय म्हाईत. मंग त्यांचं मोठं जहाज आलं. त्यायनी वर घेतलं, चादर देली, चहा देला. माणसं वाईट नव्हती आबा. चहा देला आणि मनगटाले नंबराची पट्टी बांधली."

मंदाबाईनं त्याच्या ताटात आमटी वाढली. वाल्मीकचा घास हातातच होता.

"युवराज, मी तठी जे सांगतलं," तो म्हणाला, "त्याच्यानंच तुले परत पाठवलं का?"

युवराजनं वर पाहिलं. "काय सांगतलं होतं?"

"तुले वकीलबाईनं नही सांगितलं?"

"तिनं कागद देला होता वर. पन तो कोनी वाचलाच नही. मोठा साहेब म्हने, होडीनं आला, देश सुरक्षित, मंग आतलं पाह्यची गरज नही. ती बाई भांडली थोडी. तिचंबी काही चाललं नही." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. डाव्या हाताची दोन बोटं तशीच ताठ राहिली. "काय सांगतलं होतं तुमी?"

"जे झालं ते," वाल्मीक म्हणाला.

आपलं ओझं उतरायला हवं होतं, असं त्याला वाटलं. पण उतरलं नाही. आयुष्यात एकदा तोंड उघडलं होतं आणि तेही कोणाच्या कानापर्यंत गेलं नव्हतं. मंदाबाईनं ऐकलं होतं सगळं. ती उठली, भांडी घेऊन मोरीवर गेली. त्या रात्रीही ती त्याच्याशी बोलली नाही.

*

नानांनी केळीची नवी रोपं आणली होती. वाल्मीक युवराजला बरोबर घेऊन गेला. घरात बसून त्याचं डोकं फिरेल, असं त्याला वाटत होतं. बाप खड्डा करायचा, पोरगा पिशवी फाडून रोप लावायचा आणि भोवतीची माती दाबायचा. पलीकडच्या ओळींत बाया होत्या. दुपारपर्यंत काम सुरळीत चाललं.

मग जितेंद्र आला, मागून नाना. जितेंद्रनं मोटरसायकल बांधावरच टाकली होती.

"युवराज, तू दुबईले नव्हता म्हने."

युवराज उभा राहिला. हाताला माती होती.

"पोलीस पाटलाकडं हवालदार आला होता चौकशीले, याले परत पाठवल्याचा कागद घेऊन," जितेंद्र म्हणाला. "म्हने, यानं परदेशात सांगतलं, गावात माह्या जिवाले धोका हे म्हनून. आमचं नाव घेतलं म्हने. मले चार लोकांत विचारलं त्यानं. माही पोरगी कडेवर होती तव्हा."

बाया काम थांबवून बघायला लागल्या.

"जितूभाऊ, तो एजंट म्हने, असं सांगा लागते," युवराज बोलायला लागला. "माह्या मनात तसं—" आणि बोलता बोलता त्याची मान खाली गेली. मातीचे हात एकात एक गुंतले, ताठ बोटं दुसऱ्या हाताखाली लपली.

वाल्मीकला ती मान ओळखीची वाटली. त्यानं टिकाव खाली ठेवला.

"त्यानं नही घेतलं नाव," तो म्हणाला. "मी घेतलं."

जितेंद्र त्याच्याकडे वळला.

"जितेंद्र रतिलाल, असं सांगतलं. गोठ्यामागं नेलं, बुटानं हात दाबला, दोन बोटं मोडली. तक्रार झाली नही. एवढंच सांगतलं. त्यात काही कमी-जास्त असंल, तं आता सांगा. या बायांदेखत सांगा."

आवाज मोठा नव्हता. पण या वेळी तो खाली गेला नाही. जितेंद्रचं तोंड लाल झालं. तो काही बोलेल म्हणून सगळे थांबले. त्यानं युवराजच्या हातांकडे पाहिलं, मग बागेकडे, आणि पायाशी पडलेली रिकामी पिशवी बुटानं सरकवली.

"ते मिटलं होतं ना वाल्मीक," नाना म्हणाले. "मीच त्याले जळगावले नेलं होतं. माह्या गाडीत."

"नेलं होतं नाना. तेबी सांगतलं मी."

नानांनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला. वादळानंतर ते फार उतरले होते. सदरा अंगावर मोठा दिसायला लागला होता. "उद्यापासून बाया पुरे होतील," ते म्हणाले.

"बरं," वाल्मीक म्हणाला. "ही ओळ लावून जातो. रोपं उन्हात उघडी पडली हेत."

नाना आणि जितेंद्र निघून गेले. बाया पुन्हा वाकल्या. बापलेकांनी ओळ पुरी केली. शेवटच्या रोपाची माती युवराजनं नको तितका वेळ दाबली. मग दोघांनी पाटात हात धुतले आणि घरी आले.

मंदाबाई दारात तांदूळ निवडत होती. उन्हं अजून वर होती. तिनं दोघांकडे पाहिलं आणि युवराजला विचारलं, "त्यासले इचार, आज लवकर काब्र सुट्टी?"

युवराज म्हणाला, "नानांनी काढून टाकलं. आबांनी जितूचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर."

मंदाबाईचं बोट ताटात थांबलं.

"नानासना समोर?" तिनं विचारलं. या वेळी तिनं युवराजकडे पाहिलं नव्हतं.

"हो," वाल्मीक म्हणाला.

"काय म्हनात ते?"

"म्हने, मिटलं होतं ना."

ताटातला एक खडा काढून तिनं अंगणात फेकला. वाल्मीक ओट्यावर टेकला. कंबर आता बसायलाही तयार नव्हती, म्हणून भिंतीला रेलला. युवराज आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"मंग सकायले कोठे जातस?" मंदाबाईनं विचारलं.

"पहूरच्या चौफुलीवर उभं राहू. तठी मुकादम टेंपो घेऊन येतात. गाव लांब पडंल, पन नेतात."

"बायासले बी लेतस का?"

"घेतात."

"मंग तिघंबी जाऊत," ती म्हणाली. ताट उचलून ती आत गेली आणि थोड्या वेळानं आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. सकाळच्या भाकरीला पीठ पुरेल की नाही, ते ती पाहत होती.